सातेरी व मेलिफेरा : डी.एन.ए.ने उलगडलेले नाते

अहिल्यानगर जिल्ह्यात कांदा बीजोत्पादनाच्या शेतात मेलिफेराच्या पेट्या ठेवल्या, तरी फुलांवर एकटी मेलिफेरा येत नाही. झाडाच्या ढोलीतली सातेरी, फांदीवरची फुलोरी आणि उंच झाडावरची आग्याही येते. यांत जवळचे भाऊबंद कोण? आग्या व फुलोरी, असे बरेच शेतकरी सांगतील. कारण दोघींचे पोळे एकच आणि उघड्यावर असते. डी.एन.ए. मात्र वेगळे सांगतो.

डी.एन.ए. म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला पेशीतील मजकूर होय. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना एखादे अक्षर बदलते व तो बदल पुढे उतरतो. दोन जातींत फरक जितके थोडे, तितके नाते जवळचे. राणी अनेक नरांशी संयोग करते, म्हणून एकाच पेटीतील कामकऱ्यांचे बाप वेगवेगळे असतात. परंतु पेशीतील तंतुकणिकांचा डी.एन.ए. फक्त आईकडून येतो. त्यामुळे अख्ख्या वसाहतीचे मातृकुळ कळण्यास अल्कोहोलमध्ये ठेवलेली एक कामकरी माशी पुरते.

एरियास व शेपर्ड यांच्या २००५ च्या अभ्यासात फुलोरीची शाखा सर्वांत आधी फुटलेली दिसली, नंतर आग्याची. बंद जागेत अनेक समांतर पोळी बांधणाऱ्या सातेरी व मेलिफेरा एकाच शाखेवर आल्या. तरीही त्यांचा संकर टिकत नाही, तेव्हा शेजारच्या पेट्यांमुळे सातेरी भेसळ होईल ही भीती नको.

जवळिकीचा तोटा मात्र झाला. व्हरोआ हा कोळी मूळचा सातेरीवरचा. तिथे तो मुख्यतः नरांच्या घरांत वाढतो व वसाहत तगते. मेलिफेरावर गेल्यावर तो कामकऱ्यांच्या घरांतही वाढू लागला. उपाय न केल्यास वसाहत संपते. मेलिफेराचा हा शत्रू व्हरोआ जेकबसोनी नसून व्हरोआ डिस्ट्रक्टर ही निराळी जात आहे, हेही २००० साली डी.एन.ए.वरूनच सिद्ध झाले. मेलिफेरा पाळणाऱ्यांनी नरांची व कामकऱ्यांची, दोन्ही बंद घरे उघडून पाहावीत.

सातेरीतही मैदानी पिवळसर व डोंगरी काळसर असे प्रकार आहेत. दक्षिण भारतातील मैदानी माशीला एपिस इंडिका ही स्वतंत्र जात मानावे, असे २०१० च्या एका अभ्यासाने सुचविले. २०२२ मध्ये केरळच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील काळसर माशीला एपिस कारिंजोडियन असे नाव दिले. सर्वच शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. पण आपल्या जिल्ह्यात अकोल्याचा डोंगर आहे, तसे नेवाशाचे मैदानही आहे. म्हणून पेटीत भरावयाची सातेरी लांबून विकत न आणता आपल्याच शिवारातील ढोलीतून धरावी.