दोर, वासा आणि वाकलेलं पातं

एक इंच जाडीचा दोर वरून मोकळा लोंबत असतो. त्याचं खालचं टोक कुणी धरलेलं नसतं, त्याला ओझंही बांधलेलं नसतं. परीक्षा देणारा स्वतः घडवलेला सुरा उचलतो आणि एकाच वारात दोराचा शेवटचा तुकडा उडवतो. धारेत जरा कसर असली तर दोर नुसता झोका घेऊन परत येतो. मग त्याच सुऱ्याने दोन बाय चार इंची लाकडी वासा आरपार तोडायचा, तोही दोनदा. पात्याच्या ज्या भागाने वासा तोडला त्याच भागाने नंतर हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पातं व्हाइसमध्ये आवळून ९० अंशांत वाकवायचं. धारेकडून चीर गेली तर चालते, पण ती पात्याच्या एक तृतीयांश रुंदीपलीकडे गेली किंवा पातं मोडलं, की परीक्षा संपली.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या ‘जर्नीमन स्मिथ’ या पायरीची ही चाचणी. पास झालं तरी सुरा निकामीच होतो. महिनोन्‌महिने खपून माणूस एक वस्तू घडवतो, ती मोडण्यासाठी! पुढे आणखी पाच सुरे परीक्षकांपुढे ठेवावे लागतात, तेव्हा कुठे शिक्का मिळतो. तिथे येणारे सगळेच पोटासाठी लोहारकाम करणारे नसतात. आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवार-रविवारी गॅरेजात भट्टी पेटवणारे त्यांच्यात पुष्कळ.

ही चाचणी मला फार शहाणपणाची वाटते. लाकूड तोडूनही दाढी करता येईल अशी धार हवी तर पोलाद कडक पाहिजे, आणि काटकोनात वाकायचं तर ते चिवट पाहिजे. एकाच पात्यात हे दोन गुण नांदवायचे, ते पाणी देण्याच्या कसबावर. नवशिक्यांच्या हाती सहसा १०८४ नावाचं साधं पोलाद देतात, त्यात कार्बन सुमारे ०.८४ टक्के. ७७० अंश सेल्सियसच्या आसपास पोलादाची चुंबकाशी ओढ तुटते, म्हणून भट्टीशेजारी एक लोहचुंबक टांगलेला असतो. पातं चिकटेनासं झालं की आणखी थोडं, साधारण ८१५ अंशांपर्यंत तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. आता त्यावरून कानस फिरवली तर ती न चावता सरकते. पण हे पातं काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून पडलं तरी तुटेल. म्हणून घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा शेकायचं. घासलेल्या पोलादावर सुक्या गवताचा पिवळा रंग चढतो. मग धार पाण्यात बुडवून ठेवायची आणि वरून फक्त पाठीला ज्योत दाखवायची. पाठ निळी पडून मऊ होते, धार कडकच राहते. वाकण्याची सगळी भिस्त या निळ्या पाठीवर असते.

हातघडणीच्या सुऱ्यांची ही हौस अमेरिकेत पसरली ती एकमेकांचं पाहून. बो रँडल हा फ्लोरिडातला संत्र्यांच्या बागांचा मालक. १९३७ साली मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी त्याने एका माणसाला सुरीने होडीचा रंग खरवडताना पाहिलं. इतके हाल होऊनही त्या सुरीचं काही बिघडत नव्हतं. ती बिल स्केगेल नावाच्या कारागिराची होती. रँडलने तसलीच सुरी करायला घेतली आणि त्याचा छंद पुढे कारखाना झाला. १९५०च्या दशकात बॉब लव्हलेस नावाचा तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या दुकानात रँडलचा सुरा घ्यायला गेला, तर नऊ महिने थांबा म्हणाले. त्याने भंगारातल्या पॅकार्ड मोटारीचा कमानपाटा आणला आणि जहाजाच्या भटारखान्यातल्या तेलाच्या शेगडीवर तापवून स्वतःचा सुरा घडवला. पुढे त्याने ठोकण्याऐवजी पोलादाची पट्टी कापून-घासून पातं करण्याची रीत धरली आणि बहुतेकांनी तीच उचलली. १९७०मध्ये नाइफमेकर्स गिल्ड स्थापन झाली तेव्हा ऐरणीवर सुरे ठोकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

त्यांतला एक बिल मोरान. मेरीलँडमधल्या दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेला. १९७३ साली कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात त्याने लाटांची नक्षी असलेले ‘दमास्कस’ सुरे मांडले. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, टाकणखार शिंपडून (आपला सोनार डाख देताना वापरतो तोच) पांढऱ्या-पिवळ्या आचेवर तापवून घणाने एकजीव करायच्या, दुमडायच्या, पुन्हा ठोकायच्या. दहा थर पाचदा दुमडले की ३२० होतात. घासूनपुसून आम्लात बुडवल्यावर एका जातीचं पोलाद काळवंडतं, दुसऱ्या जातीचं चकाकत राहतं आणि नक्षी उमटते. मोरानला हे कसब मुठीत ठेवून जन्मभर किंमत वसूल करता आली असती. त्याने काय केलं, तर कृतीची पुस्तिका छापून त्याच प्रदर्शनात फुकट वाटली. १९७६मध्ये सोबत्यांसह त्याने ही सोसायटी काढली. आज तिथल्या ‘मास्टर स्मिथ’च्या परीक्षेला किमान ३०० थरांचा सुरा लागतो, आणि दोर, वासा, केस, वाकणं हे सगळं त्या नक्षीदार सुऱ्यालाही चुकत नाही. मोरान २००६ साली गेला. त्याची ती पुस्तिका मला त्याच्या सगळ्या सुऱ्यांहून मोलाची वाटते.

सोसायटीची शाळा १९८८ साली आर्कान्सामधल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावी सुरू झाली. याच गावात जेम्स ब्लॅक नावाचा लोहार राहायचा. प्रसिद्ध ‘बोवी’ सुरा त्याने घडवला असं परंपरा सांगते. तो पोलादाला पाणी देण्याची आपली रीत कुणाला पाहू देत नसे. पुढे तो आंधळा झाला. डॅनियल जोन्स, जो नंतर त्या राज्याचा गव्हर्नर झाला, त्याच्या घरच्यांनी ब्लॅकला सांभाळलं. जोन्सने लिहून ठेवलंय, की सत्तरी गाठल्यावर ब्लॅकने त्याला जवळ बसवलं आणि आता सगळं सांगतो म्हणाला. सांगायला तोंड उघडलं, तर काहीच आठवेना. म्हातारा कपाळ चोळत राहिला. त्याच गावात नंतर अनोळखी माणसांना तापलेल्या पोलादाचे रंग ओळखायला शिकवणारी शाळा उभी राहिली.

ब्लॅकची गोष्ट वाचताना मला सारखं आपलं दख्खन आठवतं. मराठवाड्याला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोणसमुद्रम नावाचं गाव आहे. तिथे मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि झाडपाला घालून पोलाद वितळवत, ते इराणपर्यंत जाई. कानडी-तेलुगूतल्या ‘उक्कू’ या शब्दावरून इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं. जुन्या दमास्कस तलवारींची नक्षी थर जोडून केलेली नव्हती, ती या पोलादाच्या अंगातच होती. मायकेल फॅरडेनेही (तो लोहाराचाच मुलगा) त्यावर प्रयोग केले, पण त्याला ते साधलं नाही. इकडे एकोणिसाव्या शतकात आपल्या भट्ट्या विझत गेल्या, आणि बापाने मुलाला तोंडी सांगायची कृती सांगायला कुणी उरलं नाही.

ती पुन्हा जुळवली फ्लोरिडातल्या आल्फ्रेड पेंड्रे या नालबंदाने. घोड्यांना नाल ठोकणं हा त्याचा धंदा आणि सुरे घडवणं ही हौस. जॉन व्हरहोव्हेन या धातुशास्त्राच्या प्राध्यापकाबरोबर त्याने वर्षानुवर्षं मुशी तापवल्या. खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूचा लवलेश असेल, तर पोलाद पुन्हापुन्हा तापवून ठोकताना त्यातले कार्बाइडचे कण ओळीने गोळा होतात आणि नक्षी वर येते, हे त्यांनी १९९८ साली छापून जगापुढे ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडली होती. तिथे एक बाई घण मारत होती आणि तिचा नवरा सांडशीत कोयता फिरवत होता. मी पाहत उभा राहिलो. त्याने तो लाल कोयता टोकाकडून पाण्यात घातला, काढला, कानशीने जरा घासला, चढणारे रंग पाहिले आणि पुन्हा बुडवला. पाणी द्यायची वेळ नेमकी कोणत्या रंगाला, असं मी विचारलं. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं.

“आत्ता उन्हात न्हाई दिसायचा, दादा. उद्या उजाडायच्या आत या, दावतो.”