दिवस भरण्याआधी बाळंतपण : तयारी अगोदरच हवी



उसाची लागण झाली की आपण गट ऑफिसात जाऊन नोंद करतो. त्या तारखेवरून तोडीचा क्रम लागतो. नोंदच नसेल तर ऐन हंगामात कितीही हेलपाटे घातले तरी तोड वेळेवर मिळत नाही, हे आपणांस सांगायला नको. घरात सून किंवा लेक गरोदर असली की मात्र आपण पुष्कळदा "वेळ येईल तेव्हा बघू" म्हणतो. बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात, म्हणून हे खपून जाते. पण ज्या बाईला डॉक्टरांनी "जोखमीची" म्हणून सांगितले आहे, तिच्या बाबतीत असे म्हणून भागत नाही. तिचे मूल दिवस भरण्याआधी येऊ शकते, आणि तेव्हा तयारीला वेळ नसतो. ही तयारी कशी करावी ते आम्ही येथे देत आहोत.

वेळेआधी म्हणजे केव्हा?

जुनी माणसे नऊ महिने नऊ दिवस धरतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. दोन्ही हिशेब जवळजवळ एकच आहेत. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल ते वेळेआधीचे. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली, आणि त्यांतली ३० लाख आपल्या भारतातली होती. दर दहा मुलांत साधारण एक, असे हे प्रमाण आहे. तेव्हा ही गोष्ट "आपल्या घरात होत नाही" असे कोणी समजू नये.

आपल्याकडे एक समज आहे : सातमाशी मूल जगते, आठव्यातले जगत नाही. हे खरे नाही. पोटातला प्रत्येक आठवडा मुलाच्या फायद्याचाच असतो. आठव्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा जगण्याची आशा जास्त असते. या समजापायी आठव्यात कळा आल्या की घरची माणसे हातपाय गाळतात. तसे करू नये.

जोखीम कोणाला?

पहिले मूल वेळेआधी झालेले असणे, जुळे असणे, रक्तदाब किंवा साखर वाढणे, अंगात रक्त फार कमी असणे, वार खाली असणे, वय १८ च्या आत किंवा ३५ च्या पुढे असणे, आधीच्या बाळंतपणानंतर लगेच दिवस राहणे ही मुख्य कारणे होत. आणखी एक कारण आपल्या घराघरांत आहे, ते म्हणजे मिश्री. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती लावणाऱ्या बाईचे मूल लवकर आणि कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायांनी आधी आपली डबी बाजूला ठेवावी, मग सुनेला सांगावे.

पुढील लक्षणांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये : अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, थोड्या थोड्या वेळाने पोट कडक होणे, कंबरेत राहून राहून कळ येणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर-हातांवर सूज, ताप, झटका, मुलाची हालचाल कमी वाटणे. "उष्णता झाली असेल" म्हणून काढा देत बसू नये.

मूल हलवायचे ते पोटात असतानाच

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. पुष्कळ घरांत होते असे की, कळा सुरू झाल्या की जवळच्या दवाखान्यात नेतात, तिथे बाळंतपण होते, मूल दीड किलोचे निघते, आणि मग त्याला गुंडाळून मोठ्या गावाला पळवायचे. वाटेत ते गार पडते, त्याचा श्वास अडखळतो. आई एकीकडे, मूल दुसरीकडे. आईचे पोट हीच त्या मुलाची सर्वांत उबदार आणि सुरक्षित गाडी आहे. म्हणून जिथे नवजात अतिदक्षता कक्ष आहे तिथे आईलाच बाळंतपणाआधी न्यावे. जिल्हा रुग्णालयात, स्त्री रुग्णालयात आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत असा कक्ष असतो. आपल्याला जवळचा कोणता, तिथे जायला किती वेळ लागतो, रात्री रस्ता कसा आहे, हे सातव्या महिन्याच्या आत प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे. कळा दमदार असतील आणि मूल वाटेतच होईल असे डॉक्टरांना वाटले, तर मात्र त्यांचे ऐकून तिथेच थांबावे.

वेळेत पोहोचण्याचा दुसरा फायदा इंजेक्शनाचा. लवकर जन्मलेल्या मुलाची फुप्फुसे कच्ची असतात. न्यूझीलंडमधील डॉ. लिगिन्स हे मेंढ्यांवर अभ्यास करीत होते. स्टेरॉइड दिलेली कोकरे इतक्या लवकर जन्मूनही श्वास घेतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी व डॉ. हॉवी यांनी हे औषध आयांना देऊन पाहिले आणि १९७२ साली त्याचे निष्कर्ष जगापुढे मांडले. आपल्या केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या सूचनांत २४ ते ३४ आठवड्यांत कळा आल्यास डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने १२-१२ तासांनी द्यावीत असे आहे. औषध स्वस्त आहे, पण त्याला वेळ लागतो. बाई मूल बाहेर पडायच्या घटकेला पोहोचली तर औषध असून उपयोग नाही. मात्र ते केव्हा द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. आपण मागून घेण्याचे ते औषध नव्हे.

घरात काय तयार ठेवावे?

१) शेवटच्या पाळीची तारीख आणि सोनोग्राफीचा पहिला कागद. लागणीच्या नोंदीसारखीच ही नोंद समजावी. माता-बाल कार्ड, रक्तगट, आधार कार्ड व बँक पासबुक एका पिशवीत ठेवावे.

२) गाडी. १०८ नंबरची रुग्णवाहिका फुकट येते. तरीही गल्लीतल्या एका गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवावे. रात्री ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडतो हे ध्यानात धरावे.

३) रक्त देऊ शकणारी दोन माणसे.

४) पैसे. २०११ सालापासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण, तसेच आजारी नवजात मुलाचे उपचार मोफत आहेत. तरी मुक्कामाचा खर्च होतोच. ऊसबिलातली थोडी रक्कम त्यासाठी वेगळी ठेवावी.

५) निर्णय कोण घेणार? मालक शेतावर, सासरे बाजारला, आणि बाई घरात कळा सोसते आहे, असे होऊ नये. कुणालाही न विचारता १०८ ला फोन करण्याची मोकळीक बाईला आणि सासूबाईंना आधीच देऊन ठेवावी.

पहिलटकरणीला माहेरी पाठवण्याची आपली रीत चांगली आहे. पण जोखमीच्या बाईला पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि सगळे कागद तिच्याबरोबर द्यावेत. कागद सासरी आणि बाई माहेरी, अशाने नव्या डॉक्टरांना काहीच कळत नाही.

मूल झाल्यावर

लहान मुलाला पहिल्या दिवशी अंघोळ नको, मध नको, घुटी नको. गाय व्याली की वासराला चीक पाजायला आपण विसरत नाही. बाळालाही आईचा चीकच हवा. ओढता येत नसेल तर हाताने काढून, डॉक्टर सांगतील तसा वाटी-चमच्याने किंवा नळीने द्यावा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरावे. कोलंबियात बोगोटा येथे १९७८ साली डॉ. रे यांनी सुरू केलेली ही पद्धत आता जागतिक आरोग्य संघटनाही जन्मल्याबरोबर सुरू करा म्हणून सांगते. आई दमली तर बापाने किंवा आजीने धरावे. त्यात लाज कसली?

घरी आल्यावर आशाताईंना दार उघडे ठेवावे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात मुलांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी केले. ते काम १९९९ साली प्रसिद्ध झाले. आशाताईंच्या घरभेटींमागे तोच अनुभव आहे. मूल ३४ आठवड्यांच्या आतले किंवा दोन किलोंपेक्षा कमी असेल तर महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. ती चुकली तर काही मुलांची नजर कायमची जाते.

फडातल्या बाईचेही पहा

शेवटी एक विनंती. आपल्या फडात तोडीला आलेल्या टोळीत गरोदर बाया असतात. खाडा पडेल, उचल फिटायची राहील म्हणून त्या बोलत नाहीत आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरत राहतात. गाव परके, कागद गावाकडे राहिलेले. आपल्या फडात कोयता चालू असताना मुकादमाला विचारा, गावातल्या आशाताईंना टोळीवर घेऊन जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी तिला पाठवा, आणि तिचा खाडा धरू नका म्हणून सांगा. आपला ऊस वेळेवर जातो तो तिच्या हातांनी.

घरात डोहाळजेवणाची तयारी चालू असेल तर त्याच आठवड्यात वरची पाच कामे उरकून टाका. दिवस भरले आणि काही लागले नाही, तर आनंदच आहे. लागले, तर तीच तयारी उपयोगी पडेल.