वास येत नाही म्हणजे चांगलं?

रात्रीचा भात उरतो, पातेलं झाकून ओट्यावर राहतं आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. शंका आलीच तर झाकण काढून वास घ्यायचा. आंबूस लागला नाही, की निकाल लागला! पण अन्नाला वास आणणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू बरेचदा निरनिराळे असतात. 'बॅसिलस सिरियस' मातीतून तांदळावर येतो. शिजवल्यावर तो मरतो, त्याचे बीजाणू मात्र तगतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि यातले काही जिवाणू भातातच विष तयार करतात. त्याला ना वास, ना चव.

"पण सकाळी चांगला खमंग परततो की!" परतल्यानं जिवाणू मरतील, विष जाणार नाही. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी ते टिकतं. मग जेवणानंतर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा दिवसभरात सावरतो. लहान मुलांच्या बाबतीत मात्र हयगय नको.

म्हणून फोडणीचा भात सोडायचा का? मुळीच नाही. दोष शिळेपणाचा नाही, उबेचा आहे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्यानं वाढतात, आणि आपलं स्वयंपाकघर बारा महिने त्याच पट्ट्यात असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. इथे आडवा येतो तो दुसरा समज : गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवलं की बिघडतं. मग ते 'पूर्ण गार' होईपर्यंत बाहेर राहतं आणि घरातले झोपून जातात. पसरट डब्यात काढा, वाफ जाऊ द्या आणि झोपण्याआधी आत ठेवा. (आंबोळीचं पीठ रात्रभर बाहेर चालतं, कारण ते आंबताना तयार होणारं आम्ल बाकीच्या जिवाणूंना रोखतं. साध्या भाताला ते संरक्षण नाही.)

पोट बिघडलं की आळ शेवटच्या पाणीपुरीवर येतो. ती निर्दोष असेलच असं नाही, पण साल्मोनेलाची लक्षणं दिसायला सहा तासांपासून काही दिवसही लागतात. दूषित पाण्यातून येणारी 'हिपॅटायटिस ए'ची कावीळ तर काही आठवड्यांनी उमटते. तोवर काय खाल्लं ते कुणाला आठवतंय?

दुधाची गोष्ट याहून मजेशीर. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून दूध म्हणजे युरिया आणि डिटर्जंट अशी अनेकांची खात्री झाली आहे. देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं २०१८ मध्ये ६,४३२ नमुने तपासले. त्यांत आरोग्याला घातक भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं. बुरशी लागलेला चारा किंवा पेंड जनावराच्या पोटात गेली की ते दुधात उतरतं, आणि उकळून जात नाही. भेसळ होत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण आपण घाबरतो डिटर्जंटला, आणि पेंडीबद्दल चकार शब्द काढत नाही.

पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांकही असाच गैरसमजाचा धनी. तो उत्पादकाची नोंद सांगतो. तुमच्या हातातलं पाकीट कुणी तपासलं आहे, असा त्याचा अर्थ नाही.

राहिलं चिकन. ते नळाखाली खळखळून धुणं ही स्वच्छता वाटते. प्रत्यक्षात शिंतोडे सिंकभर उडतात आणि जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर पसरतात. ते मरतात नीट शिजवल्यावरच. धुवायचेच असतील तर हात, सुरी आणि चिरायचा पाट साबणानं धुवा, आणि तेही त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी घेण्याआधी.