कयाकवरून गरवायला जाताय? फोनवर किती विसंबायचं आणि सोबत काय न्यायचं

कयाकवर बसून तांबोशी नाहीतर जिताडा ओढतानाचे रील्स सध्या फीडमध्ये भरपूर दिसतात. कयाकही आता ऑनलाइन मिळते, म्हणजे 'ऑर्डर केली, की रविवारी समुद्रात' असा प्लॅन सहज होतो. पण रील ३० सेकंदांचा असतो आणि परतीचं वल्हवणं दीड तासाचं. हा लेख त्या दीड तासाबद्दल आहे, आणि उदाहरणं कोकण-गोवा किनाऱ्याची घेतली आहेत.

आधी बोट. नवशिक्यांनी सिट-ऑन-टॉप कयाकच घ्यावी. हिच्यात आत बसायचं नसतं, वर बसायचं असतं. तळाला आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर होल म्हणतात, आणि लाटेचं वर आलेलं पाणी त्यातून आपोआप निघून जातं. आत बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि खोल पाण्यात ती एकट्याने रिकामी करणं नवख्याला जमत नाही. लांबी १० ते १२ फूट आणि रुंदी ३० इंचांच्या पुढे असली की बरं. हवेने फुगवायची स्वस्त कयाक तलावात ठीक आहे, पण ती वाऱ्याबरोबर पानासारखी वाहत जाते आणि तुमच्या हातात टोकदार गळ असतात. मी तरी ती समुद्रात नेणार नाही.

दुसरी गोष्ट लाइफ जॅकेट, आणि ते अंगावरच हवं. सीटमागे बांधून ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालून दाखवा असं चॅलेंज एकदा उथळ पाण्यात मित्रांना द्या, मग पटेल. लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलो वजन तरंगवण्याइतका आधार. पोहता येणाऱ्याला, सोबत माणसं असताना तो चालतो. १०० किंवा त्यापुढचं जॅकेट जास्त आधार देतं, पण वल्हवताना जाड वाटतं. मापात आहे का ते बघायला पट्टे आवळून मित्राला खांद्याकडून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही. खिशात शिट्टी बांधून ठेवा, कारण ओरडून घसा बसतो पण शिट्टी वाजत राहते.

आता वारा. इथे आपल्या शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे खरोखर कामाला येतात. रात्री जमीन थंड होते, म्हणून पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं, कारण लाट उठवायला वाऱ्याला अंतरच मिळालेलं नसतं. तुम्ही निघता तेव्हा तो पाठीवर असतो, त्यामुळे 'काय स्पीड आहे राव' असं वाटतं. किलोमीटरभर आत जाऊन वळलात की तोच वारा तोंडावर येतो. म्हणून सकाळी जाताना सोपं वाटतंय तर थोडं आधीच वळा. दुपारकडे उलट होतं. खारा वारा सुटतो, वायव्येकडून जोर धरतो आणि पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसू लागतात. मार्च ते मे तर जास्तच. तुरे दिसले की नवशिक्याने किनाऱ्याकडे निघायचं, मग मासा लागत असला तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ, उजाडल्यापासून दहापर्यंत, हा बरा वेळ. पावसाळ्यात अजिबात नाही.

हवामानाचं ॲप बघालच, पण त्यातला आकडा काय सांगतो ते समजून घ्या. युरोपियन मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकोनात हिशेब करतं, अमेरिकन जीएफएस तर विंडीसारख्या ॲपमध्ये २२ किलोमीटरच्या. तुमची अख्खी ट्रिप एका चौकोनात बसते. डोंगराच्या कड्यामागे वारा वळतो, खाडीच्या तोंडाशी जोर धरतो, हे त्या चौकोनाला माहीतच नसतं. दुसरं म्हणजे लाटेची उंची. ॲपमध्ये दिसते ती 'सिग्निफिकंट' उंची, म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. १ मीटर लिहिलं असेल तर मधूनच दीड-पावणेदोन मीटरची लाट येणं अगदी नॉर्मल आहे. आणि उंचीच्या शेजारी सेकंदांत आकडा असतो, तो बहुतेक जण बघतच नाहीत. दोन लाटांमधला वेळ १३-१४ सेकंद असेल तर ती दूरवरून आलेली लांब लाट असते. खोल पाण्यात ती जाणवत नाही, पण पुळणीवर किंवा खाडीच्या तोंडाशी वाळूच्या बांधावर आली की उभी राहून फुटते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था आपल्या किनाऱ्यासाठी लाटांचा अंदाज आणि इशारे देते. ते बघूनच निघा.

भरती-ओहोटीसाठी ॲप आहेच, पण कोकणातला जुना फॉर्म्युला पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. त्यानंतर सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. बॅटरी नको, नेटवर्क नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाणी जोरात ओढतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी मवाळ. पहिल्या ट्रिप भांगाला करा.

हे का, तर साधं गणित. नवखा माणूस तासाला ४ किलोमीटर वल्हवतो. समजा खाडीच्या तोंडाशी ओहोटी तासाला ३ किलोमीटरने बाहेर जातेय. तुमच्याकडे उरला तासाला १ किलोमीटर. धक्का २ किलोमीटरवर असेल तर दोन तास न थांबता वल्हवायचं. त्यात ओहोटी बाहेर आणि खारा वारा आत असे समोरासमोर आले की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. स्थानिक मच्छीमार त्या वेळी तोंडातून जात नाहीत. निघण्याआधी धक्क्यावरच्या एखाद्या काकांना विचारा, 'काका, आज पाणी कसं आहे?' हे उत्तर कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त रिझोल्यूशनचं असतं.

आता फोनकडे येऊ. 'माझा आयपी६८ आहे' हे वाक्य समुद्रात चालत नाही. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. खारं पाणी चार्जिंग पोर्ट खातं, आणि ओल्या स्क्रीनवर टच चालत नाही, कारण पाणी वीज वाहून नेतं आणि स्क्रीनला तुमचं बोट कुठलं आणि थेंब कुठला ते कळत नाही. म्हणून फोन तरंगणाऱ्या वॉटरप्रूफ पाउचमध्ये ठेवा आणि पाउच कयाकला नाही, जॅकेटला बांधा. कयाक वाहून गेली तरी फोन तुमच्याजवळ राहिला पाहिजे. सेटिंग्जमध्ये इमर्जन्सी एसओएस चालू करून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पाच वेळा दाबलं की कॉल लागतो, स्क्रीनला हात लावायला लागत नाही.

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. फोन उपग्रहांचं फक्त ऐकतो. पण ती जागा दुसऱ्याला कळवायला नेटवर्क लागतं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन रेंज गेली की शेवटच्या जागेवर गोठतं, आणि घरचे समजतात तुम्ही तिथेच मासे पकडताय. त्यामुळे लाइव्ह लोकेशनसोबत एक वेळ सांगून जा: 'अकरापर्यंत फोन आला नाही तर १५५४ ला कळव.' १५५४ हा तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर, १०९३ सागरी पोलिसांचा आणि ११२ सगळ्यांसाठी. तिन्ही सेव्ह करा.

कॉल लागला तर जागा कशी सांगणार, ही तयारी घरीच करा. नकाशा ॲप १६.०५ असे दशांश अंश दाखवतं, समुद्रावरची माणसं अंश आणि मिनिटं बोलतात. १६.०५ अंश म्हणजे १६ अंश ३ मिनिटं. तुम्ही 'सोळा, शून्य पाच' म्हणालात आणि समोरच्याने १६ अंश ५ मिनिटं लिहून घेतलं, तर २ मिनिटांचा फरक, म्हणजे २ सागरी मैल, साधारण ३.७ किलोमीटर. शोधणारी बोट तिकडे जाणार. म्हणून 'सोळा दशांश शून्य पाच अंश' असं पूर्ण म्हणा. सॅटेलाइट मेसेंजर परदेशी व्हिडिओत सर्रास दिसतात, पण भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. हातातल्या मरीन व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो. ऑनलाइन दिसलं म्हणून मागवू नका.

तुम्ही दिसणंही महत्त्वाचं. कयाकवर बसलेल्याचा डोळा पाण्यापासून ८० सेंटीमीटरवर असतो, त्याला क्षितिज जेमतेम ३ किलोमीटरवर दिसतं. ट्रॉलरच्या तांडेलाला तर तुम्ही लाटांतला एक ठिपका. मागे काठीवर नारिंगी झेंडा लावा आणि ट्रॉलर, जाळी यांच्या वाटेतून लांब राहा.

नांगर बाजूला कधीही बांधू नका. प्रवाहाने दोरी ताणली की कयाक आडवी होऊन उलटते. नांगर नाकाला किंवा शेपटीलाच, आणि दोरी एका झटक्यात सुटेल अशी. पहिल्या काही ट्रिपना नांगर नेऊच नका, वाहत वाहत गरवा. तंगूस पायात गुंतला तर कापायला सुरी जॅकेटवरच हवी. वल्ह्याला दोरी बांधा, गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका. शिंगाळा आणि पाकट यांचे काटे विषारी असतात, ते कयाकवर घेऊ नका. समुद्रसाप लागला तर सरळ तंगूस कापा. सोबत माणशी २-३ लिटर पाणी, लांब बाह्यांचा शर्ट, टोपी. आपलं पाणी कोमट असतं, इथे थंडीपेक्षा ऊन आधी गाठतं.

आणि गळ टाकण्याआधी एक अख्खी सकाळ फक्त उलटण्यासाठी ठेवा. छातीभर पाण्यात, जॅकेट घालून, मित्र शेजारी. कयाक मुद्दाम उलटवा, पलीकडची कड धरून सरळ करा, पाय पाण्यावर मारत पोटावर चढा, मग वळून बसा आणि शेवटी पाय आत. दहा वेळा. मग हेच पाय न टेकणाऱ्या पाण्यात. तिथे तीनपैकी तीनदा वर येता आलं, की रॉड बाहेर काढा.