सही करण्याआधी थांबा! अगाथा ख्रिस्तीबाईंकडून शिका कराराचं गणित



अगाथा ख्रिस्ती हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. खुनाच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या या इंग्लिश लेखिकेच्या नावावर ६६ रहस्य कादंबऱ्या आहेत, आणि जगभरात खप सुमारे दोनशे कोटी प्रतींचा सांगितला जातो. पण आज आपण त्यांच्या कथा नाही, त्यांचे करार बघणार आहोत.

पहिल्या महायुद्धात बाई टॉर्की गावातल्या इस्पितळाच्या औषध विभागात काम करायच्या. विषांची माहिती तिथेच झाली आणि तीच पहिल्या कादंबरीत कामाला आली. पण ती छापायला कोणी तयार होईना. शेवटी 'बॉडली हेड'च्या जॉन लेन यांनी होकार दिला. शेवट बदला म्हणाले, बाईंनी बदलला. करार समोर आला आणि आनंदाच्या भरात सही करून टाकली.

करारात काय होतं? पहिल्या दोन हजार प्रतींवर लेखिकेला एक पैसाही नाही. आणि पुढची पाच पुस्तकंही आधी याच प्रकाशकाला द्यायची! १९२० साली पुस्तक आलं, बाईंच्या हातात पडले २५ पौंड. तेही वर्तमानपत्रात क्रमशः छापण्याच्या हक्कातले.

मग बाईंनी काय केलं? करार मोडला नाही. शब्द पाळला, पुस्तकं दिली. पण मधल्या काळात एडमंड कॉर्क नावाचा एजंट नेमला, म्हणजे व्यवहार समजणारा माणूस. त्याने 'कॉलिन्स'शी नवा करार केला, प्रत्येक पुस्तकाला २०० पौंड आगाऊ! १९२६ मध्ये 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' कॉलिन्सकडून आलं आणि गाजलं. पुढे आयुष्यभर बाईंनी ना प्रकाशक बदलला, ना तो एजंट.

आता खरी गंमत बघा. 'द माउसट्रॅप' हे त्यांचं नाटक १९५२ मध्ये लंडनला सुरू झालं. त्याचे हक्क त्यांनी नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून दिले. सिनेमाचे हक्क विकताना अट घातली गेली की लंडनचे प्रयोग बंद होऊन सहा महिने झाल्याशिवाय सिनेमा काढायचा नाही. करोनाची सुट्टी सोडली तर नाटक अजून चालूच आहे! १९५५ मध्ये त्यांच्या लिखाणाचे हक्क सांभाळायला कंपनी काढली. बाई १९७६ मध्ये गेल्या, कंपनी आजही काम करतेय.

म्हणजे २५ पौंडांच्या वेळीही लिहिणारा हात तोच होता. हातातला कागद मात्र बदलला.

तुम्ही मसाले करत असाल, कपडे शिवत असाल किंवा ऑनलाइन कोर्स विकत असाल, पहिला मोठा ग्राहक आला की आपलंही असंच होतं. "ऑर्डर मिळाली ना, बास!" म्हणून आपण सही करतो. त्याआधी तीन गोष्टी विचारा:

१. माझे पैसे कधीपासून सुरू होणार, आणि किती दिवसांत मिळणार?

२. मी किती काळ बांधला जाणार? दुसऱ्याला माल विकता येईल का?

३. नाव, रेसिपी, डिझाइन कोणाच्या मालकीचं राहणार?

उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत. समजलं नाही तर एक दिवस मागून घ्या आणि वकिलाला किंवा जाणत्या माणसाला दाखवा. खरा ग्राहक एका दिवसात पळून जात नाही. आणि जो पळतो, तो का पळाला याचा शोध लावायला डिटेक्टिव्ह लागत नाही!