लेकराच्या आधी गहू बसवा



बोरगाव मेघेहून वर्धा शहर जवळच. बाजार, दवाखाना, गटाचं बँकेचं काम, सगळ्याला आपली सायकलच कामी येते. अडचण होते ती लेकरू सोबत असलं की. मग शेजारची म्हणते, "माझी पोरं मोठी झाली, सायकलची छोटी सीट घरी पडून आहे, घेऊन जा." घ्यायला काहीच हरकत नाही. पण सीट कॅरिअरवर ठेवून दोन तारा आवळल्या की काम झालं, असं मात्र नाही.

माझ्या नणंदेच्या मुलीचा पाय सायकलच्या चाकात गेला होता. सीट घट्ट होती, पट्टाही होता, फक्त चाकाच्या बाजूला जाळी नव्हती. वळणावर पोरीनं पाय हलवला आणि टाच आऱ्यांत अडकली. वरून नुसतं खरचटल्यासारखं दिसत होतं, म्हणून घरीच हळद लावली. चार दिवसांनी कातडी काळी पडली आणि महिनाभर ड्रेसिंग करावं लागलं. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी लेकरू बघा. वर्षाच्या आतलं लेकरू सायकलवर नकोच. मान पक्की धरणारं, आधाराशिवाय बसणारं मूलच सीटवर बसवावं. वजन अंगणवाडीच्या ताईंना विचारा. युरोपातल्या मानकात मागच्या सीटवर २२ किलोपर्यंतचं आणि पुढच्या सीटवर १५ किलोपर्यंतचंच मूल चालतं. आपणही ती मर्यादा पाळावी. आपल्या कॅरिअरवर त्याहून कमी आकडा उठवलेला असेल, तर तो धरायचा.

मग सीट बघा. वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. अंगणात वर्षानुवर्षं पडलेलं प्लॅस्टिक उन्हानं फिकं आणि ठिसूळ होतं. अंगठ्यानं जोरात दाबा. चर्र आवाज आला किंवा पांढरी रेघ उमटली, तर ती सीट फुकटातही घेऊ नका. लोखंडी सीट असेल तर वेल्डिंगचे सांधे आणि बोल्टच्या भोकांभोवतीचा गंज बघा. पट्टा विरला असेल, बक्कल आपोआप सुटत असेल, तर दोन्ही बदला. पट्टा नुसता कमरेला असून पुरत नाही. तो खांद्यावरून आणि दोन पायांच्या मधून आलेला हवा, नाहीतर पोर त्यातून उभं राहतं किंवा खाली घसरतं.

आता बसवणं. लेडीज सायकलला वरची डांडी नसते, म्हणून सीट मागेच बसते. आधी कॅरिअर तपासा. ते मागच्या चाकाच्या एक्सलपाशी आणि वर सीटखाली पक्कं कसलेलं हवं. मग सीट बोल्टनंच बसवायची. कॅरिअरच्या खालून लोखंडी पत्ती, वॉशर आणि दुहेरी नट लावायला मिस्त्रीला सांगा. तार, सुतळी, ट्यूबचं रबर यांवर भरवसा नको.

सीट शक्य तेवढी पुढे, आपल्या सीटजवळ घ्या. लेकराचं वजन मागच्या चाकाच्या एक्सलच्या फार मागे गेलं, की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगतं. बसवून झालं की सीट दोन्ही हातांनी धरून हलवा. सीट आणि सायकल एकत्र हलली पाहिजे, सीट एकटी हलता कामा नये.

चाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक जाळी लावा. साडीगार्ड एकाच बाजूला असेल, तर त्यावर भागत नाही. पाय ठेवायला पायटे हवेत आणि त्यांना पाय धरून ठेवणारे पट्टे हवेत. आपल्या सीटखाली स्प्रिंग असतील, तर त्यांवर जाड कापड शिवून घ्या. आपण बसलो की स्प्रिंग दबते आणि मागे बसलेल्या लेकराची बोटं त्यात चेंगरतात.

आता गहू. लेकराच्या वजनाएवढे गहू पोत्यात भरा, पोतं सीटवर पट्ट्यानं बांधा आणि गल्लीत चार चकरा मारा. गतिरोधकावरून जा, वळा, ब्रेक दाबा. वजन असलं की सायकल थांबायला जास्त अंतर लागतं, हे आपल्या हाताला तेव्हाच कळतं. मागच्या चाकात हवा कमी वाटली तर भरा. परत येऊन प्रत्येक नट पान्यानं बघा. ढिला झाला असेल, तर लेकराच्या आधी गव्हानं तुम्हाला सांगितलं, असं समजा. पुढेही दर आठवड्याला नट कसत राहा.

रोजचं वागणं. लेकराला बसवताना सायकल दुसऱ्या कुणाला धरायला सांगा. स्टँडवर उभ्या सायकलीवर लेकरू एकटं सोडून क्षणभरही जाऊ नका. मागून पाय टाकून चढू नका, लेकराला लाथ बसते. पुढच्या मोकळ्या जागेतून चढा. पदर कमरेला खोचा, लेकराच्या गळ्यात स्कार्फ, ओढणी लोंबू देऊ नका. उन्हात उभी असलेली सीट आधी हातानं चाचपून बघा.

डोक्यावर मापाचं हेल्मेट हवं. मोटरसायकलवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा लागेल, असा नियम केंद्र सरकारनं २०२२ मध्ये काढला. सायकलला तो लागू नाही, पण लेकराचं डोकं तर तेच आहे ना!

आणि कधी पाय अडकलाच, तर ओढू नका. सायकल थांबवा, चाक हळूच उलटं फिरवून पाय सोडवा. सुटत नसेल तर आरे कापायला सांगा. स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड गुंडाळा आणि थेट दवाखाना गाठा. हळद नको, चहापत्ती नको. चेंगरलेली जखम वरून लहान दिसते आणि आतून मोठी असते.

गटात एक पान्यांचा संच ठेवता आला तर बघा. महिन्याच्या बैठकीला येताना आपापली सायकल आणायची, आणि पैशाचा हिशोब झाला की सगळ्यांच्या सीटचे नट एकदा कसायचे. एका घरातलं लेकरू मोठं झालं की सीट तपासून पुढच्या घरी द्यायची. देताना नट, पत्ती, जाळी आणि पट्टे सगळं सोबत द्यायचं, आणि गहू बसवायचे हेही आठवणीनं सांगायचं.