मुलांचे मन आणि क्रीडोपचार

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अशा आपत्तीनंतर घरांचे व पिकांचे पंचनामे होतात. मुलांच्या मनाचे काय झाले, याची चौकशी मात्र सहसा होत नाही.

भेदरलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, झोपेत दचकते, आईचा पदर सोडत नाही किंवा उगाच मारामारी करते. आपण म्हणतो, "पोरगं हट्टी झालंय," आणि दोन धपाटे घालतो. मोठी माणसे दुःख बोलून हलके करतात. पाच-सात वर्षांच्या मुलाजवळ तेवढे शब्द नसतात. ते खेळातून बोलते. याच तत्त्वावर क्रीडोपचार, म्हणजे 'प्ले थेरपी', उभी आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली या नावाच्या ग्रंथात तिची आठ तत्त्वे मांडली.

हा उपचार म्हणजे कबड्डी किंवा क्रिकेट नव्हे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या खोलीत मुलासमोर माती, वाळू, बाहुल्या, भातुकली व रंग ठेवतात. काय खेळायचे ते मूल ठरवते. तज्ज्ञ शिकवत नाही, रागावत नाही. "बाहुली फार घाबरलीय," असे दिसेल तेवढेच बोलतो. कोणाला इजा करायची नाही, ही मर्यादा मात्र पाळावी लागते.

पूर पाहिलेले मूल वाळूचे घर करून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतते. प्रथम सारे बुडते. काही आठवड्यांनी ते बाहुलीला छपरावर चढवते, मग होडी आणते. खऱ्या पुरात त्याच्या हाती काही नव्हते. खेळात ते स्वतः वाचवणारे होते. ही जाणीव रुजली की भीती हळूहळू ओसरू लागते. अर्थात घरातच मारझोड किंवा दारू असेल, तर केवळ खेळाने भागणार नाही. पालकांनाही बदलावे लागेल.

उपचार तज्ज्ञानेच करावयाचा असतो. तथापि घरी रोज अर्धा तास मुलाजवळ बसणे आपणा सर्वांना शक्य आहे. बेंदराला बैल करतो तशी माती द्यावी, चुका काढू नयेत, प्रश्नांचा भडिमार करू नये. मूल महिनाभर तोच खेळ खेळून अधिकच घाबरत असेल, जेवण-झोप तुटली असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

सभासद बंधुभगिनींना व विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे की, खोडकर मुलावर हात उगारण्यापूर्वी ते काय खेळते, हे चार दिवस शांतपणे पाहावे.